सरूबाईचे तेरा रविवार

तेरखेड्यात सरूबाईला न ओळखणारं माणूस शोधावं लागेल, आणि तिच्या शब्दावर विश्वास न ठेवणारं तर शोधूनही सापडायचं नाही. अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवते, शेंबडं पुसते, चाळीस पोरांना एका गोष्टीत गप्प बसवते. गल्लीत दोघांची जुंपली आणि खरं-खोटं काही केल्या कळेना, की कुणीतरी म्हणतंच, “सरूबाई होती का तिथं? मग तिलाच इचारा की!” अशा या बाईनं उभ्या आयुष्यात एकच थाप मारली. पण मारली ती सलग तेरा आठवडे मारली, आणि पुढं सत्तावीस वर्षं पोटात ठेवून बसली.

ती थाप बाहेर यायची वेळ आली गेल्या दिवाळीनंतर, आणि तीही पोराच्या हौसेपायी.

सुगत तिचा एकुलता एक. तालुक्याला, वाशीला मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. दिवाळीत त्यानं अर्ध्या भिंतीएवढा टीव्ही आणून अडकवला आणि चार दिवस रिमोट खाली ठेवला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो ओरडलाच, “आई, सापडलं! वायुधरचं शेवटचं पर्व! तेराच्या तेरा भाग, एकदम चकाचक! कुणीतरी नेटवर टाकलंय!”

चुलीपुढं बसलेल्या सरूबाईची भाकरी तव्यावरच राहिली.

“बारक्यापणापासून तुझ्या तोंडून ऐकतोय,” सुगत म्हणाला. “आता खरंखुरं बघू. आपण दोघंच न्हाय बरं का. हरणामावशीला फोन केलाय, पार्वतम्मा आजीला सांगितलंय. रविवारी सकाळी धा वाजता सगळे आपल्याकडं. चैतालीताईबी सुट्टी टाकून येणार हाय.”

“चैताली कशाला आणि?”

“कशाला म्हंजे? तिचं नावच त्यातलं हाय की!”

भाकरी करपल्याचा वास सगळ्या घरात झाला, तरी सरूबाईला तो यायला वेळच लागला.

आता ही भानगड काय, हे कळायला सत्तावीस वर्षं मागं जावं लागेल. सरू तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि माळावरच्या फटाक्यांच्या कारखान्यात सुतळी बॉम्बला सुतळी गुंडाळायला जायची. कारखाना म्हणजे लांब लांब अंतरावर बांधलेल्या छोट्या खोल्या. एका खोलीत चारच बाया. पायात चप्पल नाही, हातात धातूची बांगडी नाही, अंगावर नायलॉनची साडी नाही. दारूजवळ ठिणगी नको म्हणून खोलीत दिवा नाही, पंखा नाही, रेडिओ तर नाहीच नाही. दिवसभर हात सुतळी गुंडाळणार आणि कान रिकामे. मग बोलायचं. बोलून बोलून गावातली सगळी माणसं संपली, सासवा दोनदा दोनदा उगाळून झाल्या, की करायचं काय?

तेव्हा टीव्हीवर रविवारी दुपारी बारा वाजता वायुधर लागायचा. निळ्या कपड्यातला वीर, छातीत वारं भरून घ्यायचा आणि फुंकर मारली की दुष्टांच्या मोटारी उलट्या. समोर पाषाणकेतू नावाचा राक्षस. हा असा हसायचा की त्याच्याच मिशा हलायच्या. गावात पोरं वेडी झाली होती आणि पोरांपेक्षा आया जास्त. पण दिवाळीआधीचे चार महिने कारखान्याला रविवारची सुट्टी नसायची, आणि गावात रविवारी बाराला हमखास लोडशेडिंग. वीज असायची ती फक्त हमरस्त्यावर, गुंडप्पांच्या किराणा दुकानात, कारण त्यांची लाईन पेट्रोलपंपाच्या लाईनवर होती. गुंडप्पा शेठ मोठ्या मनाचे. दुकानात रंगीत टीव्ही, आणि येईल त्यानं बसावं.

पण कारखान्यापासून दुकान पाव तासावर. जायला पाव तास, यायला पाव तास, मधे अर्ध्या तासाचा वायुधर. चौघी गेल्या तर मुकादम बोंब मारणार. तेव्हा हरणाबाईनं तोड काढली. हरणाबाई त्या खोलीतली सगळ्यात कडक बाई. सरूपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, आणि तिच्यापुढं मुकादमसुद्धा जपून बोलायचा. ती म्हणाली, “एकीनं जायाचं, बगायचं आणि येऊन सांगायचं. जी जाईल तिची टोपली बाकीच्या तिघी भरतील. दर चौथा बॉम्ब तिच्या टोपलीत.”

जायची कोण, हा प्रश्नच नव्हता. सरू सांगायला लागली की पार्वतम्मा सुतळीचं टोक शोधायची विसरायची. पार्वतम्मा नळदुर्गाकडची, कानडी घरातली. राग आला, हसू आलं, ठेच लागली, तरी तिच्या तोंडी “अय्यो!” एवढं एकच. चौथी एक होती, ती पुढं लग्न होऊन लातूरला गेली.

दोन वर्षांत दोन पर्वं अशी पार पडली. सरू पळत जायची, डोळे फाडून बघायची, पळत यायची आणि उरलेली दुपारभर सांगायची. तिची टोपली मैत्रिणी भरायच्या. आणि मग आषाढात शेवटचं पर्व सुरू व्हायच्या रविवारी ती दुकानात पोचली, तर टीव्ही जागेवर नाही!

झालं होतं असं की गुंडप्पांचा सोमेश दहावीला गणितात आपटला होता. शेठनी टीव्ही चादरीत गुंडाळून माळ्यावर चढवला होता. “सोमेश ऑक्टोबरला पास होईस्तोवर टीव्हीला हात लावायचा न्हाय,” ते म्हणाले. “तू चिंचेची गोळी खा आन् जा बाळ.”

सरू दुकानामागच्या लिंबाखाली मटकन बसली. समोर शेठची शेळी बांधलेली होती. परत जाऊन काय सांगायचं? तिघी वाट बघत असणार, आणि तिची टोपली तर एव्हाना भरतही आली असणार. रिकाम्या तोंडानं त्या टोपलीपुढं उभं राहायचं तिला जिवावर आलं. पुढच्या रविवारी खरं सांगून टाकू, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि पाव तासानं खोलीत शिरता शिरता म्हणाली, “आज काय झालं म्हायतंय का? पाषाणकेतूनं वायुधरचं वारंच चोरलं!”

पुढचा रविवार आला, तोही तसाच गेला. तिसराही.

एकदा वारं चोरलं म्हटल्यावर ते ठेवायचं कुठं? सरूनं ते साखर कारखान्याच्या चिमणीत कोंडलं, ढोकीला जाताना दिसते तसल्या. वायुधरला तिनं किल्ल्यात डांबलं. चारी बाजूंनी खंदक, बुरुजावर ही एवढाली तोफ. “अय्यो, हे तर परंड्याच्या किल्ल्यावानी हाय!” पार्वतम्मा म्हणाली. “तिथंच शूटिंग झालंय,” सरू बोलून गेली. चौथ्या रविवारी सकाळी हरणाबाई कामावर आली ती डोळे सुजवून. सातवा महिना होता, आधीच्या दोन पोरी होत्या, आणि घरी सासू काय बोलली असेल ते तिनं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. त्या दुपारी सरूच्या गोष्टीत पहिल्यांदा एक पोरगी आली. ऊसतोड करणाऱ्याची पोर, वय वर्षं बारा, नाव चैताली. ती म्हणाली, चिमणीवर मी चढते.

त्या दिवसापासून वायुधर मागं पडला. खोलीत शिरलं की तिघींचा एकच प्रश्न, “चैताली कुठवर चढली?”

पाचव्या आठवड्यात मात्र सरूच्या पायाखालची जमीन सरकायची वेळ आली. पार्वतम्मा म्हणाली, “माझा भाचा अमरनाथ बार्शीहून आलाय. तो म्हणतो, वायुधरमधी असली पोरगीबिरगी कुणी न्हायच!”

तिघींचे हात थांबले. सरूनं विचारलं, “बार्शी कुठल्या जिल्ह्यात?”

“सोलापूर की.”

“मग? जिल्हा बदलला की भाग बदलतो. त्यांना सोलापूरचं दाखवतात, आपल्याला उस्मानाबादचं.”

सरूला वाटलं, तिघींना ते पटलं. गाडीचा नंबर वेगळा, कलेक्टर वेगळा, मग वायुधर वेगळा असायला काय हरकत? पार्वतम्मानं तर घरी जाऊन भाच्याला चांगलंच सुनावलं. हरणाबाईनं तेवढी खाली मान घालून सुतळी गुंडाळली आणि चौथा बॉम्ब सरूच्या टोपलीत टाकला.

तेराव्या रविवारी सरूनं गोष्ट संपवली. त्याच दुपारी हरणाबाई बाळंत झाली, मुलगी झाली, आणि तिनं तिचं नाव ठेवलं चैताली. सरू बारशाला गेली तेव्हा पाळण्यात नाव तिलाच घ्यावं लागलं. आता खरं सांगणं म्हणजे एका तान्ह्या पोरीचं नाव खोटं पाडणं. ती गप्प राहिली ती राहिलीच.

आणि ती पोरगी तरी कशी निघावी! हरणाबाईनं लेकीला नावाची गोष्ट उठताबसता सांगितली. “तू चिमणीवर चढणाऱ्या पोरीच्या नावाची हायस. घाबरायचं न्हाय.” पोरगी खरोखरच चढली. आयटीआय केलं, वीज मंडळात लागली, आणि आज ढोकीच्या बाजूला वादळात तारा तुटल्या की पट्टा बांधून खांबावर चढते ती हरणाबाईची चैताली. आपण खोटं बोललो नसतो तर ही पोर जमिनीवर तरी राहिली असती, असं सरूबाईच्या मनात पावसाळ्यात हटकून यायचं.

रविवार उजाडला. सरूबाईच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता, पण बहाणे सगळे आधीच वापरून झाले होते. ताप आलाय म्हणाली, तर सुगतनं कपाळाला हात लावून पाहिला. नेट चालत नाही म्हणाली, तर त्यानं तेरा भाग पेन ड्राइव्हवर उतरवूनच आणले होते. दहाच्या ठोक्याला पार्वतम्मा आली, हरणाबाई आली आणि मोटरसायकलवरून चैताली आली. पॅंट-शर्टातली, खांद्याला अवजारांची पिशवी.

“पिशवी कशाला गं?” सरूबाईनं विचारलं.

“सवय हाय, मावशी. हिच्याशिवाय करमत न्हाय. आज तर माझीच सिरियल बघायची!” तिनं सरूबाईला मिठीच मारली. सरूबाईला रडावं की पळून जावं कळेना.

रिकाम्या हातानं बसायची सवय त्या बायांना कुठली? बियाण्यासाठी फोडायच्या भुईमुगाच्या शेंगांचा ढीग मधे घातला, जिच्या तिच्या पुढं टोपली आली, आणि वायुधर सुरू झाला.

आता गंमत अशी, की हे पर्व सरूबाईही पहिल्यांदाच बघत होती. धसका होता तो होताच, पण दुसरा भाग अर्ध्यावर येईपर्यंत ती शेंगा फोडायची विसरली. खऱ्या पर्वात वारं चोरलंच नव्हतं. वायुधरची आठवण गेली होती आणि तो एका शहरात बासरी शिकवणारा मास्तर झाला होता. किल्ला पुठ्ठ्याचा होता, नीट बघितलं तर हलतही होता. पाषाणकेतू मात्र अजूनही तसाच हसायचा आणि मिशा अजूनही हलायच्या. चौथ्या भागात तो एकटा आरशापुढं बसून म्हणतो, मला भिणारं कुणी उरलं नाही तर मी आहे कोण? सरूबाईच्या मनात आलं, हे काय आपल्याला सुचलं नसतं बुवा.

पण चौथा भाग संपला आणि चैतालीनं पहिल्यांदा विचारलं, “मावशी, माझी येंट्री याच्यात होती ना?”

“येईल की. घाई काय हाय?”

“आन् परंडा?” पार्वतम्मा म्हणाली. “हा किल्ला तर डुगडुगतोय!”

“हे बार्शीचं असंल,” सरूबाई पुटपुटली.

“व्हय, बार्शीचंच हाय!” पार्वतम्मा खूश झाली. “अमरनाथ म्हणत व्हता तसंच हाय सगळं.” आणि एवढा निकाल लावून तिनं भिंतीला टेकून डुलकी काढली.

पाचवा भाग झाला, सहावा झाला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीची भाजी खाऊन झाली. सात, आठ, नऊ. चैताली आता टीव्हीच्या जवळ सरकून बसली होती. पडद्यावर कुठलीही लहान पोरगी दिसली की ती पुढं वाकायची. एक फुगेवाली आली, एक मास्तरची विद्यार्थिनी आली, एक नुसतीच रस्ता ओलांडून गेली. दहाव्या भागानंतर चैतालीनं विचारणंच बंद केलं, आणि सरूबाईला ते जास्त लागलं. हरणाबाई शेंगा फोडत होती. टीव्हीकडं तिचं लक्ष होतं की नाही कुणास ठाऊक.

अकरावा संपला. सुगत म्हणाला, “आता शेवटचे दोन!”

“पाणी आणते,” म्हणून सरूबाई उठली ती थेट बाहेर ओसरीवर मीटरपाशी. फटाक्याच्या दारूजवळ उमेदीची वर्षं काढलेली बाई, घाईतही पद्धत सोडली नाही. आधी मेन स्विच खाली केला, मग फ्यूज उपसला, आणि तो मुठीत धरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आतून आवाज आले.

“लाईट गेली का काय?” सुगत.

“अय्यो, बार्शीलाबी गेली का?” पार्वतम्मा, झोपेतून.

“थांबा, म्या बघते,” चैताली म्हणाली.

हे सरूबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं! वीज घालवली ती कुणाच्या देखत, तर वीज मंडळाच्या माणसाच्या. चैताली पिशवी घेऊन बाहेर आली. तिनं मीटरकडं पाहिलं, खाली पडलेल्या स्विचकडं पाहिलं, फ्यूजच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि शेवटी सरूबाईच्या मुठीकडं.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “फ्यूज जळला न्हाय. काढलाय.”

सरूबाईचा बांध फुटला. “चैताली, पुढचं बघू नको बाई. त्याच्यात तू न्हायस. तू कधी नव्हतीसच. गुंडप्पा शेठनी टीव्ही माळ्यावर टाकला व्हता. त्या पर्वातलं म्या काही बगितलं न्हाय. सगळं मनानं सांगितलं. चिमणी मनाची, किल्ला मनाचा, ती पोरगीबी मनाचीच. आन् तुझ्या आईनं खरं समजून तुझं नाव ठेवलं. तेरा रविवार त्यांनी माझी टोपली भरली आन् म्या त्यांना थापा दिल्या. आता मार मला.”

चैतालीनं भिंतीला हात टेकला. तिच्या चेहऱ्यावरचा सकाळचा आनंद उतरलेला सरूबाईला दिसला, आणि असं वाटलं की फ्यूजऐवजी आपलीच जीभ उपसून ठेवली असती तर बरं झालं असतं.

“म्हंजे आई मला सांगायची ते...” चैताली म्हणाली.

“आईला म्हाईत हाय,” मागून आवाज आला.

दारात हरणाबाई उभी होती. पदरात शेंगांची टरफलं तशीच.

“काय म्हाईत हाय?” सरूबाईनं विचारलं.

“सगळं. दुसऱ्याच रविवारी म्या तुझ्या मागनं दुकानाकडं आले व्हते. डोहाळे लागले व्हते, चिंच पायजे व्हती. बगते तर तू लिंबाखाली उभी, हात वर करून शेठच्या शेळीला वायुधर सांगतीयास! शेळीबी ऐकत व्हती मन लावून. शेठला इचारलं तर म्हणाले, टीव्ही माळ्यावर हाय.”

“आन् तुमी बोलला न्हाय?”

“बोलले असते तर दुपारी आमी काय ऐकलं असतं? टीव्ही बगून येऊन कुणीबी सांगंल. न बगता सांगणारी त्या माळावर तू एकटीच व्हतीस. तुझी टोपली म्या टीव्हीसाठी भरत नव्हते, सरे.”

हरणाबाई लेकीकडं वळली. तिचा आवाज नेहमीसारखा करडाच होता, पण डोळे भरले होते.

“तू ऐक. त्या चौथ्या रविवारी सकाळी तुझी आज्जी मला म्हणाली, औंदाबी पोरगीच झाली तर परत येऊ नको. म्या दिवसभर रडले. आन् दुपारी हिच्या गोष्टीत ऊसतोडीवाल्याची पोर आली, म्हणली चिमणीवर मी चढते. मला काय कळत नव्हतं व्हय, ही पोर कुठनं आली ते? टीव्हीतनं नव्हती आली. हिनं माझं तोंड बगून काढली व्हती. त्याच वक्ताला म्या ठरवलं, पोरगी झाली तर झाली. टीव्हीतल्या पोरीचं नाव तुला ठेवलंच न्हाय म्या. माझ्यासाठी काढलेल्या पोरीचं ठेवलंय.”

चैतालीनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि सरूबाईला दुसऱ्यांदा मिठी मारली, सकाळच्यापेक्षा जोरात. सरूबाई हसत होती आणि रडतही होती, आणि फ्यूज अजून मुठीतच होता.

आत येऊन तिनं सुगतला आणि पार्वतम्माला उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सुगत तोंड उघडं ठेवून बघतच राहिला.

“म्हंजे परंडा?” पार्वतम्मानं विचारलं.

“परंडाबी न्हाय, काकू.”

“अय्यो! म्या तर जावयाला नेऊन बुरूज दाखवला! हितं वायुधर बांधला व्हता म्हणून! तो फोटो काढून घेऊन गेलाय!” आणि मग तिचं तिलाच हसू फुटलं. पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होती, आणि तिच्या हसण्यानं बाकीच्यांना धीर आला.

“बरं, आता फ्यूज बसवू का?” सुगतनं विचारलं. “दोन भाग ऱ्हायलेत.”

“थांब जरा,” हरणाबाई म्हणाली आणि शेंगांपाशी बैठक मारली. “सरे, तेराव्या रविवारी म्या दवाखान्यात व्हते. तुझा शेवट ऐकायचा ऱ्हायलाय माझा. या पार्वतम्मानं नंतर सांगितला, पण तिला मधेच डुलकी लागली व्हती. चिमणीच्या टोकापसनं पुढं तिला ठावंच न्हाय.”

“मग सत्तावीस वर्षांत मला कधी इचारलं न्हाय ते?”

“इचारलं असतं तर तू सांगायच्या आधी रडत बसली असतीस, म्या लबाडी केली म्हणून. म्हणलं, हिचं हिला बोलू दे. तू बोलायला एवढी वर्षं लावशील असं कुठं वाटलं व्हतं?”

चैतालीनं सरूबाईच्या हातातून फ्यूज काढून घेतला आणि आपल्या खिशात टाकला. “बार्शीचं नंतर बघू,” ती सुगतला म्हणाली. “आधी उस्मानाबादचं होऊ दे.”

सगळे गोल करून बसले. दारातून येणारा उजेड शेंगांच्या ढिगावर पडला होता, आणि खोलीत ना दिवा ना पंखा. सरूबाईला वाटलं आपण सगळं विसरलो असू. पण तोंड उघडलं, आणि एक शब्दही इकडचा तिकडं झाला नव्हता.

“तर चैताली चिमणीच्या टोकाला पोचली व्हती,” ती म्हणाली. “खाली बगितलं तर माणसं मुंगीएवढाली. वर बगितलं तर...” आणि वर किती उंच ते दाखवायला तिचे दोन्ही हात आपोआप उठले. हातातली शेंग खाली पडली, तिला पत्ताही लागला नाही.

हरणाबाईनं सरूबाईपुढची टोपली आपल्याकडं ओढली आणि तिच्यात शेंगा फोडायला सुरुवात केली.